चेकिंगच्या आधीची गोळी

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज माझा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी, जयंतीच्या कार्यक्रमात, मी कागद न बघता सगळ्या वॉर्डासमोर भाषण केलं आणि तेव्हापासून गल्लीतली माणसं मला 'देविदासची पोरगी' म्हणायचं सोडून पारमिता म्हणायला लागली. नाव मोठं आहे, पण येतंय आता लोकांना. त्याच्याआधी मी वर्गात हजेरी द्यायचे तीसुद्धा बाकाकडे बघून. आता मात्र सरांना शंका विचारणं, मैत्रिणींची भांडणं मिटवणं, टँकरच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्याला मागे पाठवणं, सगळं माझ्याकडे.

दुसरा मोठा आवाज माझ्या मोबाईलच्या अलार्मचा. तो सकाळी नऊला वाजतो आणि रात्री नऊला वाजतो. तो वाजला की घरातलं सगळं थांबतं, भाकरी तव्यावर असली तरी. कारण ती पप्पांच्या गोळीची वेळ.

पप्पा म्हणजे देविदास सोनकांबळे, लातूर डेपोचे कंडक्टर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस झालं, पाय सुजले, ड्युटी सुटली, आणि मागच्या वर्षी हैदराबादला ऑपरेशन करून आईची एक किडनी पप्पांना बसवली. माझी आई सिंधु, दोन घरची धुणीभांडी आणि एक बालवाडी सांभाळणारी, तिच्या कुशीला आता हातभर व्रण आहे. ती त्याच्याबद्दल कधी बोलत नाही. फक्त पप्पांनी लोणच्याकडे हात नेला की म्हणते, "माझ्या वस्तूला जपून वापरा."

ऑपरेशननंतरची तपासणी नांदेडला असते. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत मला समोर बसवून सांगितलं होतं, कारण प्रश्न मीच विचारत होते. त्या म्हणाल्या, "शरीराला कळतं की ही किडनी बाहेरची आहे. ते तिच्यावर तुटून पडतं. ही गोळी शरीराला शांत ठेवते. रक्तात गोळी कमी पडली तर शरीर किडनी खराब करणार, आणि जास्त झाली तर गोळीच किडनी खराब करणार. म्हणून आपण रक्तातली लेव्हल मोजतो."

"मग ती कधी मोजायची?" मी विचारलं.

"सकाळची गोळी घ्यायच्या आधी. रात्रीच्या गोळीतलं बारा तासांनी किती उरलंय ते मला बघायचं असतं. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगतो आणि मला खोटंच दिसतं. तपासणीच्या दिवशी गोळी बरोबर आणायची, रक्त दिलं की लगेच घ्यायची. लक्षात राहील?"

मला राहिलं. घरी येऊन मी सगळं माझ्या ताब्यात घेतलं. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही नको. पट्टीतून गोळी आधीच फोडायची नाही, म्हणून मी कात्रीने पट्टीचे तुकडे करते, एकेक गोळी आपल्या चांदीच्या कागदात राहते. मग डबीतल्या प्रत्येक वाराच्या खणात सकाळच्या वेगळ्या, रात्रीच्या वेगळ्या. पप्पा बघत बसले होते. म्हणाले, "सिंधु, आपल्याकडं तर कंट्रोलर आला की गं." एसटी स्टँडवर गाड्या सोडणारा जो माणूस माईकवर बोलतो, तो कंट्रोलर. तेव्हापासून घरात माझं नाव तेच.

आता यंदाचं सांगते. यंदा लातूरला पाणी नाही. म्हणजे कमी आहे असं नाही, नाहीच. मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं. ती गाडी बघायला टीव्हीवाले आले, पण आमच्या गल्लीत कोणी आलं नाही. आमच्याकडे टँकर यायचा, आणि तो कधी यायचा ते टँकरलाही माहीत नसायचं. बहुतेक वेळा दिवेलागणीनंतर. कोणीतरी ओरडायचं, "आला", की घागरी, बादल्या, तेलाचे डबे घेऊन सगळी गल्ली कोपऱ्यावर.

आईने वजन उचलायचं नाही. पप्पांनी तर मुळीच नाही, गर्दीतही जायचं नाही. पण पप्पा ऐकतील तर ना. तोंडाला मास्क लावून रांगेत उभे राहायचे. मी घागरी आणायचे आणि ते नंबर धरायचे. अलार्म वाजला की मी पळत घरी जाऊन गोळी आणायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे. ते ती खिशात टाकून म्हणायचे, "घेतो गं, एवढं बॅरल भरू दे. नळी हातात हाय."

मी पुन्हा घागरीला पळायचे. भांडणंही सोडवायची असायची.

एप्रिलमधल्या तपासणीत लेव्हल खूप जास्त निघाली. डॉक्टर मॅडमनी गोळी कमी केली. आम्हाला वाटलं चांगलंच झालं, एक गोळी कमी. पण पंधरवड्याने लातूरलाच साधं रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा. तो रक्तात वाढला म्हणजे किडनी काम टाळतेय. सव्वाचं पावणेदोन झालं होतं. फोनवर मॅडम म्हणाल्या, "ताबडतोब या. लेव्हल पुन्हा करू. किडनीला काहीतरी होतंय आणि ते काय ते आत्ताच कळलं पाहिजे."

आईने फोन ठेवला आणि कुशीवर हात धरून उभी राहिली. मला वाटलं दुखतंय. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काय न्हाई. इकडची तर बरी हाय."

नांदेडची पहाटेची गाडी पकडली. गाडीवर कंडक्टर होते वीरण्णा काका, पप्पांचे जुने जोडीदार, उदगीरकडचे.

"काय देविदास, बसून प्रवास करूलालास आज?"

"पास हाय माझ्याकडं. बघायचा का?"

"ठेव तुझा पास. वहिनी, खिडकीकडं बसा. अन् ही कोण, भाषणवाली का?"

"मी पारमिता," मी म्हटलं.

"लई मोठं नाव हाय बाई. तिकिटावर मावायचं न्हाई."

"तुमचं मशीन लहान असेल काका."

वीरण्णा काका हसले आणि पप्पांना म्हणाले, "ही तुझ्यावर न्हाई गेली. तू तर साहेबापुढं तोंड उघडायचा न्हाईस."

पप्पांच्या मास्ककडे सगळे बघत होते. चाकूरला एक धोतरवाले आजोबा शेजारी बसले, जरा वेळ बघत राहिले आणि मग अंग चोरून म्हणाले, "टीबी हाय का ओ?"

पप्पा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "टीबी न्हाई. किडनी हाय. माझी."

आजोबांनी एकदा आईकडे, एकदा पप्पांकडे बघितलं आणि उठून मागे गेले.

मागच्या बाकावर नव्या जिल्ह्याचा विषय निघाला होता. उदगीर जिल्हा होणार, मग मुखेड तिकडे घालणार की नांदेडातच ठेवणार, यावर दोघं भांडत होते. वीरण्णा काका तिकीट फाडता फाडता म्हणाले, "होऊ द्या की जिल्हा. नवं ऑफिस, नवा डेपो. मी घरला चालत जाईन."

आई खिडकीतून बाहेर बघत होती. रानात नुसती ढेकळं. ती म्हणाली, "पाणी कोण्या जिल्ह्यात हाय तेवढं सांगा भाऊ, आमी तिकडं जातो."

अहमदपूर सोडल्यावर एका फाट्यावर खूप माणसं चढली, कुठल्या तरी लग्नाची. वीरण्णा काका पुढून मागे सरकत होते, घाई नव्हती. तेवढ्यात समोरून एक एसटी आली. तिच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढला, नुसती बोटं फिरवली आणि गाडी निघून गेली. मला वाटलं रामराम केला असेल. पण आमच्या ड्रायव्हरने मागे वळून नुसतं "वीरण्णा" म्हटलं आणि पप्पा एकदम ताठ बसले.

"चेकिंग हाय पुढं," पप्पा माझ्या कानात म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज एवढा तरतरीत ऐकला नव्हता.

वीरण्णा काका असे सुटले की काय सांगू. माणसांच्या खांद्यावरून हात घालून तिकिटं दिली. एका मुलाला विचारलं वय किती, त्याची माय म्हणाली चार, काका म्हणाले मिशी फुटलीय चार वर्षांच्याला, अर्धं तिकीट. बॅग आवरली, मशीनवरचा आकडा आणि माणसं जुळवली. मग खरंच एका झाडाखाली जीप उभी होती. दोन साहेब चढले, मोजलं, बघितलं, मान हलवली आणि उतरले.

पप्पा क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखे खूश झाले. "बघितलं का कंट्रोलर? चेकिंगच्या आधी सगळं जागेवर पाहिजे. चेकिंगला जे दिसतं तेच लिवलं जातं."

"पण मग आधी जागेवर नव्हतं ना," मी म्हटलं.

"रस्त्यात सगळं जागेवर कुणाचं असतंय?"

लोह्याच्या स्टँडवर गाडी थांबली. आई खाली उतरली. मी खिडकीतून तिच्यावर नजर ठेवून होते आणि पाण्याची बाटली उघडल्याचा आवाज आला म्हणून वळले. पप्पांनी मास्क हनुवटीवर घेतला होता आणि त्यांचा गळा हलला.

"काय घेतलं?"

"ॲसिडिटीची. जळजळ व्हायलीय."

ॲसिडिटीची गोळी माझ्या डबीत होती, त्यांच्याकडे नव्हती, एवढं मला त्याच वेळी आठवलं. पण आई परत येऊन बसली, वीरण्णा काकांनी घंटी मारली आणि मी मनाला सांगितलं की मागितली असेल कुणाकडून.

नांदेडला दवाखान्यात रक्त घ्यायला अमृतराव असतात. पिकल्या मिशांचे, हात इतका हलका की सुई गेलेली कळत नाही. ते दर वेळी एकच विचारतात.

"सकाळची गोळी घेतली न्हाई ना?"

"न्हाई," पप्पा म्हणाले.

रक्त घेतलं. अमृतरावांनी नळीवर नाव लावलं. मी माझी डबी उघडली, नऊची गोळी आणि बाकीच्या दोन पांढऱ्या पप्पांच्या हातावर ठेवल्या. आई बाटली भरायला गेली होती. जिन्याखाली नळ होता आणि त्याला पाणी येत होतं. ती तो सोडून बघत उभी राहिली, मग कुणी बघत नाही ना असं बघून घाईने तोंड धुतलं.

मी तिच्याकडे बघत होते, तरी मला दिसलं. पप्पांनी पांढऱ्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि नऊची, चांदीच्या कागदासकट, शर्टाच्या खिशात.

"पप्पा, ती?"

"घेतो नंतर."

"नंतर नाही. रक्त दिलं की लगेच."

"हळू बोल." त्यांनी जिन्याकडे बघितलं. "घेतली मी. गाडीत."

माझ्या भाषणांत मी 'पायाखालची जमीन सरकली' असं खूपदा म्हटलंय. तसं काही होत नाही. उलट सगळं अगदी जागच्या जागी दिसतं. भिंतीवरचं कॅलेंडर, अमृतरावांचा ट्रे, पप्पांच्या दंडावरचा कापसाचा बोळा.

"आणि मागच्या महिन्यात?"

त्यांनी बोळा दंडावर दाबून धरला.

"मागच्या महिन्यातपण गाडीतच?"

"अगं, रात्रीच्या एखाद-दुसरी राहिली होती. टँकरच्या टायमाला. मग जेवण झालं, पोटात अन्न, मग कशी घ्यायची? सकाळी दोन एकदम घ्यायच्या न्हाईत असं तूच सांगितलंस. मग तपासणीत कमी दिसली असती. तुझ्या आईला कळलं असतं." ते मला समजावत होते, डेपोत नव्या पोराला समजावतात तसं. "म्हणून तपासणीच्या आधी नीट घेतली. सगळं जागेवर करून मग दाखवलं."

"पप्पा, ते चेकिंग नाही."

"मग काय हाय? आकडा बघत्यात, बरोबर असला की सोडत्यात."

मी त्यांना सांगितलं. मागच्या महिन्यातली जास्त लेव्हल खोटी होती. त्या खोट्या आकड्यावर मॅडमनी गोळी कमी केली. आधीच कमी जात होती, ती आणखी कमी झाली. म्हणून शरीर आईच्या किडनीवर तुटून पडलं असणार. आता आजचाही आकडा फुगून येणार, आणि मॅडमना वाटणार की जास्त गोळीनेच किडनी खराब होतेय. मग त्या अजून कमी करणार.

पप्पांनी हे सगळं ऐकलं. मास्कमुळे तोंड दिसत नव्हतं, नुसते डोळे. मग म्हणाले, "मॅडमला तू एकटी जाऊन सांग. तुला बोलता येतंय. आईला नको. पारू, तिनं पोट फाडून दिली गं. मी रांगेत गोळी इसरलो असं तिला कसं सांगू?"

त्यांनी मला कंट्रोलर म्हटलं नाही, पारू म्हटलं. ते मी लहान असताना म्हणायचे.

मी खरंच गेले. मॅडमच्या दाराशी बसलेल्या बाई म्हणाल्या, नंबर आला की सगळे मिळून जा. मी म्हटलं, दोन मिनिटं, महत्त्वाचं आहे. त्या म्हणाल्या, इथे सगळ्यांचं महत्त्वाचं आहे. मी अमृतरावांकडे गेले, ती नळी टाकून द्या म्हटलं. ते म्हणाले, "बाळ, मॅडमच्या सहीशिवाय मी थेंब टाकत न्हाई. झालं काय?" आणि माझ्यामागे आई भरलेली बाटली घेऊन उभी होती. मी म्हटलं, काही नाही.

एवढी मोठी बोलणारी मी. काही नाही म्हटलं.

दुपारी नंबर आला. क्रिएटिनिन लगेच कळतं, ते कागदावर होतं. दोनच्या वर. लेव्हल संध्याकाळी येणार होती. मॅडमनी कागद दोनदा बघितला, पप्पांच्या पायावर बोट दाबून बघितलं, खड्डा राहिला.

"मागची लेव्हल खूप जास्त होती," त्या म्हणाल्या. "मला वाटतं औषधाचाच त्रास होतोय किडनीला. संध्याकाळी आकडा येईलच, पण तोपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आज रात्रीपासूनच अजून कमी करू."

त्यांनी पेन उचललं. आई खाली बघत होती. मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून.

तोंड कोरडं पडलं माझं. वॉर्डासमोर उभी राहिले तेव्हा असं झालं नव्हतं. तिथे सगळे टाळ्या वाजवायलाच आले होते.

"पप्पा," मी म्हटलं, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

मॅडमचं पेन थांबलं. आईने मान वर केली. "काय सांगायचंय?"

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला. मग पप्पांनी खिशात हात घातला आणि मघाची गोळी काढून टेबलावर ठेवली. मला वाटलं झालं. पण त्यांनी पुन्हा हात घातला. अजून एक निघाली. मग पँटच्या खिशातून, आणि मग पास ठेवायच्या पाकिटातून. मी कात्रीने कापलेले चौकोनी तुकडे, एकेक गोळी आपल्या चांदीच्या कागदात, निघतच राहिले. काही कागद घामाने काळे पडले होते. मी मोजल्या नाहीत. एखाद-दुसरी नव्हती.

"औषध टाकून कसं द्यायचं," पप्पा म्हणाले. एवढंच पहिलं. मग सगळं सांगितलं, टँकर, जेवण, लोह्याचा स्टँड, मागचा महिना. आवाज इतका बारीक की मॅडम पुढे वाकून ऐकत होत्या.

आईने एक गोळी उचलली. उलटसुलट करून बघितली. परत ठेवली.

"मॅडम," ती म्हणाली, "दिलेली किडनी परत घेता येती का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग बोला पुढं. काय करायचं ते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. पप्पांवर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे पंधरा दिवस मी उलटं औषध दिलं." मग अमृतरावांना फोन करून आजचं रक्त रद्द करायला सांगितलं. पप्पांना आत्ताच दाखल करायचं, रात्रीची गोळी नर्ससमोर, जुन्या मापाची. उद्या सकाळी गोळीच्या आधी रक्त, मग किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून तपासायचा, आणि शिरेतून इंजेक्शनं सुरू.

"वाचेल ना?" मी विचारलं.

"किडनीला वेळेत धरलं असेल तर बरीचशी सावरेल. जितकी गेली तितकी परत येत नाही. उद्या सांगते." मग त्यांनी टेबलावरच्या गोळ्या एका पाकिटात भरल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं बोललीस." मला अजिबात बरं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी आई पप्पांशी एक शब्द बोलली नाही. चादर टाकली, पाय झाकले, पाणी मोजून दिलं, सगळं केलं. माझ्याशी बोलली ती जेवताना, तेही एवढंच. "तुला कवा कळलं?"

"आज. सकाळी."

"दुपारपर्यंत धरून बसलीस."

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"हाव," ती म्हणाली. "तुझं तोंड बंद करणारा तेवढा एकच माणूस हाय." रागावली होती की नाही, मला अजून कळलेलं नाही.

सकाळी मी जागी झाले तर पप्पा पलंगावर मांडी घालून बसलेले. गोळी उघड्या तळहातावर, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारच्या पलंगावरचे लिंबाजी आजोबा म्हणाले, "घ्या की मालक, कवाचे धरून बसलाव."

"रक्त झाल्याबिगर न्हाई," पप्पा म्हणाले.

नऊ वाजले. माझा अलार्म वाजला, मी बंद केला. अमृतराव आले नव्हते. तरी पप्पांनी मूठ मिटली नाही. मी म्हटलं, मी धरू का? ते म्हणाले, राहू दे.

मग ट्रे घेऊन अमृतराव आले. त्यांनी दंडाला पट्टा बांधला आणि नेहमीचं विचारलं. "सकाळची गोळी घेतली न्हाई ना?"

पप्पांनी तळहात पुढे केला. "ही बघा."

"थांबा," आई म्हणाली. ती उठून पलंगाजवळ आली. कालपासून पहिल्यांदा तिने पप्पांकडे सरळ बघितलं. "मास्क काढा."

पप्पांनी काढला.

"आ करा."

लिंबाजी आजोबा हसले. आमच्यातलं कोणी हसलं नाही. पप्पांनी लहान पोरासारखं तोंड उघडलं. आई वाकली, नीट बघितलं. "जीभ वर." त्यांनी जीभ वर केली. "खिसे." त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून शेंगांची टरफलं पडली.

"घ्या रक्त," आई अमृतरावांना म्हणाली.

नळी भरली. अमृतरावांनी तिच्यावर नाव लावलं आणि ती ट्रेमध्ये उभी ठेवली. आईने पप्पांच्या हातातली गोळी घेतली, कागद स्वतः फोडला, गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली आणि बाटली त्यांच्या तोंडाला लावून धरली, गळा हलेपर्यंत. मग पुन्हा म्हणाली, "आ करा."

पप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी तोंड मिटलं नाही.

आकडा संध्याकाळी येणार होता. अमृतराव नळी घेऊन निघाले. मी दारापर्यंत त्यांच्यामागे गेले आणि ती कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.